भिंतीला खपली येईल का?

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरात दोन जखमा झाल्या. एक धाकट्याच्या गुडघ्याला आणि दुसरी मधल्या खोलीच्या स्लॅबला.

धाकटा मैदानात क्रिकेट खेळताना पडला. गुडघा सोलवटला, रक्त आले. अम्मीने जखम स्वच्छ धुतली, मलम लावले. तिसऱ्या दिवशी खपली धरली आणि दहा-बारा दिवसांनी ती गळून पडली. खाली गुलाबी, नवी कातडी.

स्लॅबची चीर मात्र तीन वर्षांपासूनची. दर उन्हाळ्यात आम्ही तिच्यात पुट्टी भरायचो, वरून रंग मारायचो आणि दर पावसाळ्यात ती पुन्हा तोंड उघडायची. या वर्षी पहिल्याच मोठ्या पावसात तिथला ताटाएवढा गिलावा खाली आला. दादी खुर्चीवर बसून जिथे नमाज पढते, नेमका तिथे. ती वुजू करायला उठली होती. अल्लाहचे लाख लाख शुक्र, दोन मिनिटांच्या फरकाने ती वाचली.

त्या रात्री आम्ही सगळे वर बघत बसलो होतो. धाकट्याने विचारले, "अब्बा, माझ्या गुडघ्याला खपली आली. मग स्लॅबला का नाही आली?"

मी काही बोलायच्या आत दादी म्हणाली, "बेटा, तुझ्या गुडघ्यात जीव आहे. त्या स्लॅबात कुठला जीव?"

दादीचे म्हणणे बरोबरच होते. पण मुलाचा प्रश्न डोक्यातून जाईना. वाचायला लागलो तेव्हा कळले, की जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत गेली पंचवीस वर्षे हाच प्रश्न विचारला जातो आहे. आणि काही ठिकाणी तर शास्त्रज्ञांनी खरोखरच काँक्रीटमध्ये जीव घातला आहे.

शरीर जखम कशी बुजवते?

आधी आपल्या शरीराकडे पाहू. बोट कापले की आपण फार तर ते दाबून धरतो. बाकीचे काम शरीर न सांगता करते. रक्ताच्या एका बारीकशा थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. एरवी त्या निमूटपणे रक्ताबरोबर फिरत असतात. रक्तवाहिनी फाटली, की तिच्या भिंतीतले आतले तंतू उघडे पडतात. प्लेटलेट्स त्यांना जाऊन चिकटतात आणि एकमेकींना धरून भोकावर बूच बसवतात. मग रक्तातल्याच एका प्रथिनाचे धागे तयार होऊन त्या बुचाभोवती जाळे विणतात. त्याची गुठळी होते, ती वाळली की खपली. खपलीच्या आड पांढऱ्या पेशी घाण साफ करतात आणि नव्या पेशी जागा भरून काढतात.

हाडाचेही तसेच आहे. डॉक्टर प्लास्टर घालतात ते फक्त हाड जागेवर राहावे म्हणून. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, त्यावर मऊ कूर्चा येते, मग तिचे कच्चे हाड होते आणि पुढे कित्येक महिने ते घासून-पुसून पहिल्यासारखे केले जाते.

यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवू या, कारण पुढची सारी कहाणी त्यांच्याभोवतीच फिरते. पहिली, दुरुस्तीचे सामान आधीपासूनच आत हजर असते. दुसरी, कुणी निरोप द्यावा लागत नाही. जखम हाच निरोप असतो. आणि तिसरी, सामान संपत नाही. रक्त पुन्हा पुन्हा नवे आणून देते. माणसाने बनवलेल्या वस्तूत यातली एकही गोष्ट नसते. खुर्चीचा पाय, मोबाइलची काच, घराचा स्लॅब, सगळे तयार झाले त्या दिवसापासून फक्त झिजत जाते.

प्लास्टिकच्या आत औषधाच्या कुप्या

फेब्रुवारी २००१ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले स्कॉट व्हाइट, नॅन्सी सोटोस, जेफ्री मूर आणि त्यांचे सहकारी यांचे ते काम होते. विमानांचे भाग, बोटी, खेळाचे साहित्य अशा ठिकाणी वापरतात त्या इपॉक्सी नावाच्या कडक प्लास्टिकवर त्यांनी प्रयोग केला.

इपॉक्सीची अडचण अशी, की तिला आत खोलवर बारीक तडे जातात. ते बाहेरून दिसत नाहीत. दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. या मंडळींनी इपॉक्सी ओतण्याआधी तिच्यात दोन गोष्टी मिसळल्या. एक, भुकटीसारख्या दिसणाऱ्या अगदी सूक्ष्म कुप्या. प्रत्येक कुपीत एक पातळ द्रव. दुसरी, एका उत्प्रेरकाचे कण. उत्प्रेरक म्हणजे दुधातले विरजण समजा. ते नुसते हजर असले तरी पुढचे काम सुरू होते.

तडा पुढे सरकू लागला की वाटेतल्या कुप्या फुटतात. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसा तो तडा द्रव आपल्या अंगात ओढून घेतो. द्रव उत्प्रेरकाला भिडला की घट्ट होतो आणि तडा आतून सांधला जातो. मोजणी केली तेव्हा तडा गेलेल्या नमुन्याला त्याच्या मूळ चिवटपणापैकी जास्तीत जास्त ७५ टक्के चिवटपणा परत मिळालेला होता. बाहेरून कुणी हात लावला नव्हता, उष्णता दिली नव्हती. हा उत्प्रेरक ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या रॉबर्ट ग्रब्ज यांना २००५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

शरीराच्या तीन गोष्टींपैकी दोन इथे साधल्या: सामान आत होते आणि जखमच निरोप झाली. तिसरी मात्र राहिली. कुपी एकदा फुटली की संपली. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेला तर भरायला काही नाही.

म्हणून २००७ मध्ये याच गटाने कुप्यांऐवजी नळ्यांचे जाळे घातले. आपल्या कातडीखाली जशा केशवाहिन्या असतात, तशा बारीक वाहिन्या वरच्या थराखाली पसरलेल्या. थराला तडा गेला की खालून द्रव वर येई. एकाच जागेचा तडा सात वेळांपर्यंत बुजला. मग उत्प्रेरक संपला. पुढे २०१४ मध्ये त्यांनी दोन निरनिराळे द्रव वाहिन्यांतून आणून चक्क आरपार भोक भरून दाखवले. दोन्ही द्रव एकत्र आले की आधी जेलीसारखे घट्ट होत, म्हणजे भोकातून गळून जात नसत, आणि मग कडक होत. ३५ मिलिमीटरहून मोठी खराब झालेली जागा वीस मिनिटांत भरली आणि तीन तासांत तिच्यात ताकद आली. स्कॉट व्हाइट २०१८ मध्ये वारले, पण त्यांनी दाखवलेल्या वाटेवर आज जगभर काम चालू आहे.

कापले तरी जुळणारे रबर

दुसरी वाट पॅरिसमध्ये निघाली. लुडविक लाइब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक रबर बनवले. त्यात कुप्या नाहीत, नळ्या नाहीत. वनस्पती तेलांपासून मिळणारी स्निग्ध आम्ले आणि युरिया यांसारख्या साध्या गोष्टींपासून ते तयार झाले. नेहमीच्या रबरात रेणूंची साखळी पक्क्या गाठींनी बांधलेली असते. गाठ तुटली की तुटली. या रबरातल्या गाठी कपड्यांच्या टिचबटणासारख्या आहेत. ओढले की सुटतात, जवळ आणले की पुन्हा लागतात. सुरीने दोन तुकडे करा, कापलेल्या बाजू एकमेकींवर दाबून धरा, साध्या तापमानाला ते पुन्हा एक होतात. तेच रबर परत कापा, परत जुळते.

यात एक अट आहे आणि मला ती फार आवडली. कापलेल्या बाजू जितक्या लवकर एकत्र आणाल तितका सांधा पक्का होतो. तुकडे वेगवेगळे फार काळ पडून राहिले, तर उघडी पडलेली टोके आपापसातच जुळून जातात आणि मग समोरच्याला धरायला काही उरत नाही. हे वाचून दाखवले तेव्हा दादी म्हणाली, "घरातल्या अबोल्याचेही असेच असते." मी त्यावर काही बोललो नाही. गेली दोन वर्षे माझे आणि चाचांच्या घरचे बोलणे बंद आहे, हे तिला ठाऊक आहे.

कातडी, हाड आणि आपल्या देशातले काम

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ यांच्या गटाने २०१२ मध्ये असेच जुळणारे प्लास्टिक घेऊन त्यात निकेल धातूचे कण मिसळले. त्यामुळे त्यातून वीजही वाहू लागली. कापून पुन्हा जोडल्यावर काही सेकंदांतच त्याची ताकद आणि वीज वाहण्याची क्षमता बरीचशी परत आली. स्पर्श, दाब आणि वाकणे त्याला कळते. अपघातात हात गमावलेल्या माणसाच्या कृत्रिम हातावर उद्या अशी कातडी बसवता यावी, हा त्यामागचा हेतू आहे.

आपल्या देशातही काम झाले आहे. कोलकात्याची आयसर संस्था आणि खरगपूरची आयआयटी यांतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अशा स्फटिकांची माहिती दिली, जे तुटल्यावर डोळ्याची पापणी लवण्याआधी आपोआप जुळतात. या स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते आणि तुटताना दोन्ही कडांवर विरुद्ध विद्युतभार येतो. तोच भार तुकड्यांना परत एकमेकांकडे खेचतो. आपल्या हाडांतही दाबाने वीज निर्माण होण्याचा हा गुण असतो. संशोधकांना कल्पना तिथूनच सुचली.

काँक्रीटमध्ये जीव

आता आमच्या स्लॅबकडे वळतो.

काँक्रीट दाब सोसते, पण ताण सोसत नाही, म्हणून त्यात लोखंडी सळ्या घालतात. ताजे काँक्रीट चांगलेच क्षारयुक्त असते आणि त्या क्षारांमुळे सळ्यांवर एक पातळ संरक्षक थर बसतो. जोवर तो थर आहे तोवर गंज चढत नाही. पण तडा गेला की त्यातून पाणी आणि हवा आत शिरते. समुद्राकाठी तर खारा वाराही आत जातो आणि मीठ हा त्या थराचा मोठा वैरी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. सळी आतून फुगते, बाहेरचे काँक्रीट ढकलते, तडा वाढतो, आणखी पाणी शिरते. बुजत नसलेली जखम चिघळावी, तसा हा प्रकार.

नेदरलँडमधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठात हेंक जाँकर्स नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहेत. जिवाणू वापरून काँक्रीटला स्वतःची जखम बुजवायला शिकवता येईल का, या प्रश्नावर त्यांनी २००६ मध्ये काम सुरू केले. अडचण अशी, की काँक्रीट म्हणजे दगडासारखे कोरडे आणि अतिशय क्षारयुक्त. तिथे कोणता जीव टिकणार? उत्तर क्षारयुक्त पाण्यात आणि मातीत राहणाऱ्या बॅसिलस जातीच्या जिवाणूंत मिळाले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर असेच खारे आणि क्षारयुक्त आहे आणि तिथेही असे क्षारप्रेमी जिवाणू आढळतात. हे जिवाणू वाईट दिवसांत स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू बनतात आणि अन्नपाण्याशिवाय वर्षानुवर्षे झोपून राहतात.

दुसरा प्रश्न अन्नाचा होता. साखर घातली तर काँक्रीटच कच्चे राहते. जाँकर्स यांनी कॅल्शियम लॅक्टेट निवडले. बीजाणू आणि हे अन्न मातीच्या बारीक सच्छिद्र गोळ्यांत भरून काँक्रीटमध्ये मिसळले. तडा गेला, पाणी आत आले, की जिवाणू जागे होतात, अन्न खातात आणि चुनखडी तयार करतात. तीच चुनखडी तडा बुजवते. सुमारे ०.८ मिलिमीटर रुंदीपर्यंतचे तडे यातून भरले. शिवाय जिवाणू खाताना ऑक्सिजन वापरतात, तेवढा गंजायला कमी मिळतो. जे पाणी काँक्रीटचा घात करायला येते, तेच औषध जागे करते, ही यातली खुबी आहे.

दादीला हे सांगितले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे स्लॅबात खरेच जीव घातला म्हणायचा!"

चुना विसरलो ते

धाकट्याच्या नानांचे वडील चुन्याचे काम करणारे मिस्त्री होते. नाना सांगतात, चुना आठवडे-आठवडे पाण्यात मुरवायचे, घाण्यात बैल जुंपून मळायचे, कधी गूळ, कधी हिरड्याचे पाणी घालायचे. कित्येक किल्ल्यांत चुन्याच्या घाण्याची दगडी चाके आजही पडलेली दिसतात. विजापूरचा गोल घुमट सतराव्या शतकातला. त्याच्या मूळ बांधकामात सिमेंट नाही, सळ्या नाहीत. दगड आणि चुना यांवर तो उभा आहे.

चुन्याच्या बांधकामात थोडासा खपली धरण्याचा गुण मुळातच असतो. बारीक तड्यात पाणी शिरले की आतला थोडा चुना विरघळतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची चुनखडी होते आणि ती तड्यातच बसते.

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे अदमिर माशिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन रोमन काँक्रीटचा असाच उलगडा केला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. मिसळण्यात हयगय झाली असेल, असेच आजवर समजले जाई. माशिच म्हणतात, ती हयगय नव्हती. रोमन गवंडी कळीचा चुना तसाच गरम मिसळत. ते खडे म्हणजे चुन्याचा राखीव साठा. तडा गेला की तो त्या ठिसूळ खड्यांतून जातो, पाण्याबरोबर चुना विरघळून तड्यात उतरतो. त्यांनी त्या पद्धतीने नवे ठोकळे बनवले, मुद्दाम तडे पाडले आणि त्यांतून पाणी सोडले. दोन आठवड्यांत तडे बुजून पाणी थांबले. कळीचा चुना नसलेल्या ठोकळ्यांतून पाणी वाहतच राहिले.

ही नुसती गंमत नाही. माणसाच्या कामांमुळे जगभर हवेत जाणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे आठ टक्के सिमेंट बनवताना निघतो. इमारत दुप्पट टिकली तर तेवढे सिमेंट वाचेल.

मग आपल्या घराचे काय?

आम्ही एका अनुभवी इंजिनिअरना बोलावले. त्यांनी हातोडीने स्लॅबवर टकटक केले. काही ठिकाणी खणखणीत आवाज आला, तड्याच्या बाजूला मात्र पोकळ. गिलावा काढला तेव्हा सळ्या गंजून पोपडे सुटलेले होते. बांधताना ठेकेदाराने खाडीची वाळू नीट न धुता वापरली असावी, असा त्यांचा अंदाज. आता वीस वर्षांनी कुणाला विचारणार?

मी जिवाणूंच्या काँक्रीटबद्दल विचारले. ते हसले. म्हणाले, "ते नव्या बांधकामात घालायचे, आणि साध्यापेक्षा महागही पडते. बारीक तडे बुजतील, पण गंजून गेलेली सळी कुठला जिवाणू परत वाढवणार? तुम्ही तीन वर्षे रंग मारलात, तेव्हाच मला बोलावले असते तर निम्म्यात काम झाले असते."

हे बोलणे लागले, पण खरे होते. जखम झाकणे आणि जखम बरी करणे यात फरक आहे. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला आणि सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीला इमारती कोसळल्या, कित्येक घरे उजाड झाली. प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगळी असतात. पण आपल्यातले पुष्कळजण जुन्या, दाटीच्या वस्तीत राहतात आणि छताकडे वर्षानुवर्षे मान वर करून पाहत नाहीत. त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी इथे देतो.

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. खुणेच्या पुढे तडा गेला तर तो वाढतो आहे. केसासारखी रेघ गिलाव्याचीही असू शकते. पण तडा रुंद होत असेल, तुळईत किंवा खांबात असेल, तर वाट पाहू नका. तड्याच्या कडेला तांबूस डाग दिसला तर आत सळी गंजते आहे. आणि गळती आधी वरून थांबवा. गच्चीवर पाणी साचत असेल तर खालच्या पुट्टीला काही अर्थ नाही. मुंबईत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची बांधकाम तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. तुमच्या सोसायटीने ती केली का, हे पुढच्या सभेत जरूर विचारा. वर्गणीवरून वाद होईल. होऊ द्या.

आमच्या स्लॅबचा सैल भाग काढला, सळ्या घासून त्यांवर गंजरोधक लेप दिला, जिथे फार झिजल्या होत्या तिथे नव्या जोडल्या आणि खास मसाल्याने भरून घेतले. गच्चीला पाणीरोधक थर दिला. खर्च ऐकून अम्मीने या वर्षीची ईदची खरेदी आवरती घेतली. दादी आता खुर्ची दुसऱ्या भिंतीला लावून नमाज पढते. सवय मोडायची नाही म्हणते, पण मला वाटते तिला अजून भीती वाटते.

पंचवीस वर्षांची मेहनत, जगातली उत्तमातली उत्तम डोकी, आणि इतके करून एका कुपीतून एकदाच भरणारा तडा. गुडघ्यावरची खपली मात्र आपण खाज सुटते म्हणून ओरबाडून टाकतो. या शरीराची खरी किंमत मला या वाचनातून कळली.

शेवटचे दोन. धाकट्याने जिन्याजवळच्या भिंतीवर एक बारीक रेघ शोधून काढली आहे. तिच्या टोकाला त्याने पेन्सिलीने तारीख लिहिली आहे आणि दर जुम्याला नमाजहून आल्यावर तो ती तपासतो. अजून रेघ खुणेच्या अलीकडेच आहे.

आणि गेल्या रविवारी मी चाचांच्या घरी जाऊन आलो. चहा झाला. फार बोलणे झाले नाही, पण उठताना चाची म्हणाल्या, "दादीला घेऊन ये एकदा."